विहाराची वेबसाइट नव्याने बांधण्याआधी एवढे करा

दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडच्या अनेक विहारांनी, धम्मसंस्थांनी, जयंती मंडळांनी मोठ्या उत्साहाने वेबसाइट काढल्या. आज त्यातल्या बऱ्याच उघडून पाहिल्या तर वर एक सरकती पट्टी दिसते. तिच्यावर कधीच होऊन गेलेल्या धम्म परिषदेचे निमंत्रण असते. ‘आगामी कार्यक्रम’ या मथळ्याखाली तीन वर्षांपूर्वीची वैशाख पौर्णिमा असते. संपर्काचा नंबर लावला तर तो बंद असतो.

मग एखाद्या बैठकीत कोणीतरी म्हणते, ‘वेबसाइट जुनी झाली, नवीन करून घेऊ.’ कोटेशन मागवले जाते, आकडा ऐकून वर्गणीचा प्रश्न निघतो आणि विषय पुढच्या बैठकीवर ढकलला जातो. अशी चार वर्षे जातात. ज्या संस्था पैसे उभे करतात त्यांची नवी वेबसाइटही दोन वर्षांत तशीच शिळी होते, कारण ती ताजी ठेवण्याचे काम कोणाकडेच दिलेले नसते.

बहुतेक ठिकाणी दोष रंगरूपाचा नसून मजकुराचा असतो. तो दुरुस्त करायला डिझायनर लागत नाही. मोबाइल आणि संगणक वापरता येणारे दोन-तीन तरुण आणि संस्थेचा इतिहास माहीत असलेला एक ज्येष्ठ कार्यकर्ता एवढी माणसे पुरतात. काय करायचे, कोणत्या क्रमाने करायचे, ते पाहू.

१. आधी चाव्या आपल्या हाती आहेत का ते पाहा

वेबसाइटला तीन चाव्या असतात. पहिली डोमेनची, म्हणजे तिच्या नावाची. दुसरी होस्टिंगची, म्हणजे ती जिथे ठेवली आहे त्या जागेची. तिसरी मजकूर बदलण्याच्या लॉगिनची. ज्या मुलाने तेव्हा सेवाभावाने वेबसाइट करून दिली, त्याच्याच खासगी ईमेलवर या तिन्ही चाव्या असतात. आता तो नोकरीसाठी दुसऱ्या शहरात असतो, कधी त्याने तो ईमेलही सोडलेला असतो.

हे सगळ्यात आधी सोडवा. त्या मित्राशी प्रेमाने बोला आणि डोमेन संस्थेच्या नावावर, संस्थेच्या ईमेलवर करून घ्या. ‘हूइज’ या मोफत शोधात डोमेनची मुदत कधी संपते ते दिसते. ती तारीख कार्यकारिणीच्या नोंदवहीत लिहा आणि संस्थेच्या ईमेलचा पासवर्ड किमान दोन जबाबदार पदाधिकाऱ्यांकडे ठेवा.

मुदत संपली तर काय होते? डॉट कॉम किंवा डॉट ऑर्ग नावाला त्यानंतरही काही दिवस परत मिळवण्याची संधी असते, पण उशीर जास्त झाला तर त्यासाठी दंडासारखी जादा रक्कम मोजावी लागते. तीही संधी गेली की ते नाव कोणीही विकत घेऊ शकतो. जुगाराच्या आणि अश्लील साइट चालवणारे अशी सुटलेली नावे मुद्दाम घेतात, कारण त्या नावाला लोकांची वर्दळ आधीपासून असते. विहाराचे नाव टाइप केल्यावर जुगाराचे पान उघडले, तर ती बदनामी पुसायला किती दिवस लागतील याचा विचार करा. त्यापुढे मुदतवाढीचा वार्षिक खर्च अगदी किरकोळ आहे.

चाव्या मिळाल्या की काहीही बदलण्याआधी संपूर्ण वेबसाइटची एक प्रत उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवा.

२. पहिल्या पानाने चार प्रश्नांची उत्तरे द्यावीत

विहाराच्या वेबसाइटवर कोण येते? नव्या वस्तीत राहायला आलेले कुटुंब येते. अभ्यासिका शोधणारा विद्यार्थी येतो. मंगल परिणयाची तारीख ठरवणारे वधूपिता येतात. घरात मृत्यू झालेला असताना रात्री अकरा वाजता बौद्धाचार्यांचा नंबर शोधणारा मुलगाही येतो. या माणसांना फिरणारी छायाचित्रे नको असतात. त्यांना पुढील उत्तरे हवी असतात:

- विहार कुठे आहे? नुसता पत्ता पुरेसा नाही. जवळचे स्टेशन किंवा बस थांबा आणि ओळखीची एखादी खूण लिहा.
- वंदना कोणत्या दिवशी, किती वाजता होते?
- मंगल परिणय, नामकरण, अंत्यविधी, पुण्यानुमोदन यासाठी कोणाशी बोलायचे?
- पुढचा कार्यक्रम कोणता?

ही चार उत्तरे पान न सरकवता मोबाइलच्या पडद्यावर दिसली पाहिजेत. त्यासाठी अध्यक्षांचे मनोगत आणि पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे काढून टाकायची गरज नाही. ती दुसऱ्या पानावर न्या. हा बदल बैठकीत मंजूर करून घेणे हे सगळ्या कामातले सर्वांत अवघड काम असू शकते. त्या वेळी वादात न पडता एकच प्रश्न विचारा: रात्री अकरा वाजता नंबर शोधणाऱ्या मुलाला आधी काय दिसावे?

‘आमच्याविषयी’ हे पानही याच नजरेने वाचा. ‘आमची संस्था समाजाच्या सर्वांगीण विकासासाठी कटिबद्ध असून विविध उपक्रम राबवीत असते’ हे वाक्य कोणत्याही संस्थेला चालते, म्हणून ते तुमच्या संस्थेबद्दल काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहा: ‘दर रविवारी सकाळी ८ वाजता सामूहिक वंदना होते. तळमजल्यावरची अभ्यासिका सकाळी ६ ते रात्री १० उघडी असते. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही तिथे बसता येते.’ ही माहिती खरी असेल तर तिला विशेषणांची गरज पडत नाही.

३. तारखांच्या दोन याद्या करा

आपल्या दिनदर्शिकेत दोन प्रकारचे दिवस आहेत. काहींच्या तारखा कायमच्या ठरलेल्या आहेत: १ जानेवारी, ३ जानेवारी, ७ फेब्रुवारी, २० मार्च, ११ आणि १४ एप्रिल, २६ जून, १४ ऑक्टोबर, २६ नोव्हेंबर, ६ आणि २५ डिसेंबर. पौर्णिमा, वर्षावास आणि अशोक विजयादशमी यांच्या इंग्रजी तारखा मात्र दरवर्षी बदलतात.

पहिली यादी एकदाच करा. प्रत्येक दिवसापुढे त्याचे महत्त्व दोन ओळींत लिहा. उदाहरणार्थ, २० मार्चपुढे १९२७ चा महाडचा चवदार तळे सत्याग्रह, २५ डिसेंबरपुढे त्याच वर्षी महाडलाच झालेले मनुस्मृतीचे दहन, १४ ऑक्टोबरपुढे १९५६ ची नागपूरची धम्मदीक्षा. हे पान शिळे होत नाही आणि शाळकरी मुलांना भाषणासाठीही उपयोगी पडते. दुसरी यादी वर्षातून एकदा, जानेवारीत बदला. कार्यक्रमाच्या प्रत्येक सूचनेत वार, तारीख आणि वर्ष हे तिन्ही लिहा. नुसते ‘येत्या रविवारी’ लिहिले तर वाचणाऱ्याला तो कोणता रविवार ते कळत नाही.

होऊन गेलेला कार्यक्रम पुसू नका. ‘झालेले कार्यक्रम’ या पानावर हलवा आणि चार ओळींचा वृत्तांत जोडा: वक्ते कोण होते, विषय काय होता, काय ठरले. पुढे संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला हेच साहित्य हाताशी लागेल.

४. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणा

मराठी वेबसाइटची ही खास अडचण आहे. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. त्यावर उपाय म्हणून अनेकांनी मजकुराचे चित्र करून टाकले. बावीस प्रतिज्ञा, संस्थेची घटना, विहाराचा इतिहास हे सगळे जेपीजी चित्रात अडकले आहे.

चित्रातली अक्षरे वाचकाला दिसतात, पण गूगलला शोधताना ती भरवशाने सापडत नाहीत. अंध व्यक्ती वापरतात ते पडदा वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर चित्राजवळ आले की अडते. मोबाइलवर अक्षरे मोठी करायला गेले तर ती फुटतात आणि कोणाला चार ओळी उतरवून घ्यायच्या असतील तर तेही जमत नाही. बावीस प्रतिज्ञा प्रत्येकापर्यंत पोहोचाव्यात असे आपण म्हणतो आणि आपल्याच वेबसाइटवर त्या अशा बंद करून ठेवतो.

जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारी मोफत साधने इंटरनेटवर मिळतात. बदल झाल्यावर मात्र पूर्ण मजकूर माणसाने वाचलाच पाहिजे. रफार, ऱ्हस्व इकार आणि जोडाक्षरे हमखास बिघडतात. पाली गाथांमधले अनुस्वार तर वंदना पाठ असलेल्या उपासक-उपासिकांकडूनच तपासून घ्या. चित्रातला मजकूर नव्याने टाइप करावा लागेल. पाच मुलांनी पाने वाटून घेतली तर एक-दोन रविवारांत हे काम उरकते. फॉन्टसाठी ‘मुक्त’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ यांसारखे मोफत युनिकोड फॉन्ट वापरा.

याच वेळी पानांची शीर्षके तपासा. ब्राउझरच्या पट्टीत आणि गूगलच्या निकालात जे नाव दिसते ते अनेकदा नुसते ‘होम’ असते. तिथे विहाराचे पूर्ण नाव, वस्ती आणि शहर लिहा. बरेच लोक रोमन लिपीत शोधतात, म्हणून विहाराचे नाव एकदा रोमन लिपीतही द्या. गूगल मॅपवर विहाराची नोंद मोफत करता येते. तिथला पत्ता, वेळ आणि फोन वेबसाइटशी जुळतो ना, ते पाहा.

५. छायाचित्रे हलकी करा आणि त्यांना ओळख द्या

मोबाइलवर काढलेला फोटो सहज पाच एमबीचा असतो. असे वीस फोटो एका पानावर टाकले की वाचकाचा शंभर एमबी डेटा जातो, आणि खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडतच नाही. फोटोची रुंदी सोळाशे पिक्सेलपर्यंत कमी करून जतन केला तर तो साधारण अडीचशे केबीत बसतो. मग तेच वीस फोटो पाच एमबीत येतात आणि डोळ्यांना फरक जाणवत नाही. ‘स्कूश’ या मोफत साधनाने हे ब्राउझरमध्येच होते. गूगलच्या ‘पेजस्पीड इनसाइट्स’मध्ये आधी आणि नंतर पान तपासा आणि दोन्ही आकडे बैठकीत दाखवा. केलेले काम सगळ्यांना दिसते.

यापेक्षा महत्त्वाची गोष्ट म्हणजे फोटोखालची ओळ. शंभर फोटोंचा अल्बम असतो आणि एकाखालीही नाव, साल, ठिकाण नसते. ज्येष्ठांना शेजारी बसवून विचारा: हे भन्तेजी कोण, ही मिरवणूक कोणत्या वर्षाची, पायाभरणीला विटा वाहणाऱ्या या महिला कोणत्या घरच्या? ही माहिती फक्त त्यांच्या आठवणीत आहे. दादरच्या आंबेडकर भवनाची आणि बुद्धभूषण प्रिंटिंग प्रेसची वास्तू जून २०१६ मध्ये पाडली गेली, तेव्हा आपल्या इतिहासाच्या खुणा किती सहज नाहीशा होऊ शकतात हे सगळ्यांनी पाहिले. आपल्या वस्तीच्या इतिहासाची नोंद ठेवणे तर आपल्याच हातात आहे.

६. रंग आपलेच ठेवा, पण अक्षर वाचता आले पाहिजे

निळा रंग आणि पंचरंगी धम्मध्वज ही आपली ओळख आहे, ती हवीच. पण गडद निळ्यावर लाल अक्षरे किंवा पांढऱ्यावर पिवळी अक्षरे वाचताना डोळे दुखतात. वयस्कर उपासकांना तर ती दिसतच नाहीत. सुगम वेबसाइटच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजळपणा यांचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे. ते मोजणारी मोफत साधने आहेत. सोपा नियम असा: गडद निळ्यावर पांढरी अक्षरे किंवा पांढऱ्यावर काळी अक्षरे. ध्वजाचे पाचही रंग वरच्या पट्टीत शोभून दिसतात.

सरकती पट्टी, लुकलुकणारा ‘नवीन’ शब्द, आपोआप सुरू होणारे गाणे आणि भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा काउंटर हे चारही काढा. या एका बदलानेही वेबसाइट पाच वर्षांनी तरुण दिसते.

७. कुलूप लावा

पत्त्याच्या सुरुवातीला ‘एचटीटीपीएस’ नसेल तर ब्राउझर वेबसाइट ‘सुरक्षित नाही’ असा इशारा देतो. गूगल क्रोमने २०१८ पासून हे सुरू केले. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ ही ना-नफा सेवा मोफत देते आणि अनेक होस्टिंग कंपन्यांच्या पॅनेलमध्ये ते एका बटणावर सुरू होते. वेबसाइट वर्डप्रेसवर असेल तर वर्डप्रेस, थीम आणि प्लगइन अद्ययावत करा. वापरात नसलेले प्लगइन आणि संस्था सोडून गेलेल्यांची लॉगिन काढून टाका.

८. देणगीचे पान आणि लोकांची खासगी माहिती

देणगीसाठी क्यूआर कोड लावला असेल तर तो स्वतः स्कॅन करून पाहा. पैसे संस्थेच्याच खात्यात जातात का? पदाधिकाऱ्याच्या खासगी खात्याचा कोड आजच काढा. हेतू कितीही चांगला असला तरी संशयाला जागा राहते. पावती कशी मिळेल ते लिहा. आयकर सवलतीचा उल्लेख संस्थेकडे चालू मुदतीचे प्रमाणपत्र असेल तरच करा.

परदेशातले आपले बांधव मदत करू इच्छितात, तिथे अधिक काळजी हवी. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची देणगी २०१० च्या विदेशी अंशदान कायद्याखाली येते. ती घेण्यासाठी त्या कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि ती रक्कम नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते. भारतीय पासपोर्ट असलेल्या आपल्या माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेली देणगी यात येत नाही. हा फरक देणगीच्या पानावर सोप्या मराठीत लिहिला तर संस्था नकळत अडचणीत येणार नाही.

कार्यकर्त्यांचे घरचे पत्ते वेबसाइटवर ठेवू नका. अत्याचाराच्या प्रकरणात काम करणाऱ्यांसाठी तर हा सुरक्षेचा प्रश्न आहे. संस्थेचा एक फोन आणि एक ईमेल पुरे. बालसंस्कार वर्गातल्या मुलांचे फोटो आणि नावे पालकांच्या लेखी संमतीशिवाय टाकू नका. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

९. दर पौर्णिमेला एक तास

वर सांगितलेले सगळे केले आणि नंतर कोणी लक्ष दिले नाही, तर दोन वर्षांनी वेबसाइट पुन्हा तिथेच येईल. म्हणून या कामाला ठरलेला दिवस हवा. आपण दर पौर्णिमेला विहारात जमतोच. वंदनेनंतर दोन जणांनी एक तास बसावे. फोन नंबर लागतो का, पुढचा कार्यक्रम टाकला का, झालेल्या कार्यक्रमाचा वृत्तांत लिहिला का, एवढे पाहावे. दोघांपैकी एक जुना आणि एक नवा असावा, म्हणजे पुढच्या वर्षी काम येणारा माणूस तयार असतो. त्यात तरुणी असाव्यात. विहारात कष्ट महिलांनी करायचे आणि चाव्या पुरुषांकडे ठेवायच्या, ही पद्धत वेबसाइटच्या बाबतीत तरी नको.

नवी वेबसाइट खरोखर केव्हा लागते?

जुनी वेबसाइट फ्लॅशवर बांधलेली असेल तर नवी करावीच लागेल, कारण फ्लॅशचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. चाव्या कोणत्याच मार्गाने मिळत नसतील किंवा मजकूर बदलायची सोयच नसेल, तरी तेच. पण तेव्हाही वरचे काम वाया जात नाही. दुरुस्त केलेला मजकूर, ओळख लिहिलेले फोटो आणि तारखांची यादी नव्या वेबसाइटवर तशीच नेता येते, आणि मजकूर तयार असला की खर्चही कमी येतो.

‘आता फेसबुक आणि व्हॉट्सअॅप आहे, वेबसाइट हवी कशाला?’ असे कोणी म्हणेल. निरोप पोहोचवायला ती साधने चांगली आहेत. पण तिथली पोस्ट चार दिवसांत खाली जाते, खाते कंपनीच्या मर्जीवर चालते आणि गेल्या वर्षीचा वृत्तांत शोधून सापडत नाही. बाबासाहेबांनी १९२० मध्ये ‘मूकनायक’ काढला, पुढे ‘बहिष्कृत भारत’, ‘जनता’ आणि १९५६ मध्ये ‘प्रबुद्ध भारत’. आपले म्हणणे मांडण्याची जागा आपल्या ताब्यात असावी, हा त्यामागचा विचार होता. विहाराची वेबसाइट लहान असेल, साधी असेल, पण ती आपल्या ताब्यातली जागा आहे.

येत्या पौर्णिमेला आपल्या विहाराची वेबसाइट मोबाइलवर उघडा आणि तिच्यावरचा फोन नंबर लावून पाहा. तो लागला नाही, तर काम तिथूनच सुरू करा.

जय भीम! नमो बुद्धाय!